मृगाआधी जुनी अवजारं खाली काढा, दांडे वैशाखातच बसवा

पऱ्हाटी उपटून झाली, वखरणी चालू आहे आणि मृगाला अजून तीन-चार आठवडे आहेत. कोठ्याच्या आढ्याला खोचलेली कुऱ्हाड, माळ्यावर पडलेले विळे, मूठ गेलेली खुरपी, भंगारात द्यायला काढलेलं टिकास हे सगळं आता अंगणात आणा. पहिल्या पावसानंतर लोहाराकडे गर्दी होते आणि दुरुस्ती राहून जाते.

आधी निवड करा. लोखंड दोरीला टांगून दुसऱ्या लोखंडानं हलकेच टोला द्या. आवाज खणखणीत आला तर तुकडा शाबूत आहे. बद्द आवाज आला तर बारीक तडा शोधा आणि तडा सापडला तर ते अवजार सोडा. मग धारेवर कानस फिरवून पाहा. कानस लोण्यासारखी रुतली तर पोलाद मऊ आहे, अशी धार टिकणार नाही. नुसती घसरली तर धार फार कडक आहे. थोडा जोर लावल्यावर कीस निघतो, तेच पोलाद कामाचं. गाडीच्या जुन्या कमानपट्ट्याची, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची, कुऱ्हाड बहुधा या परीक्षेत उतरते. पातळ पत्र्याच्या विळ्यावर मेहनत घालू नका.

वरवरचा गंज विटेचा तुकडा किंवा तारेच्या ब्रशनं निघतो. खोल गंजाला लिटरभर पाण्यात 50 ते 60 ग्रॅम लिंबूसत्व घालून ते लोखंड रात्रभर बुडवा. चिंचेच्या घट्ट कोळानंही काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, कारण घमेल्यावर जस्ताचा मुलामा असेल तर आंबट पाणी तो खाऊन टाकतं. सकाळी घासून धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. नुसतं धुऊन ठेवलं तर थोड्याच वेळात पुन्हा तांबूस पडतं.

धारेसाठी ग्राइंडरची घाई करू नका. धारेवर निळी झाक आली म्हणजे तिथलं पाणी, लोहारानं तापवून-विझवून दिलेला कडकपणा, उतरलं. ती जागा मऊ पडते आणि पुन्हा पाजवून भागत नाही, लोहाराकडून नव्यानं पाणी द्यावं लागतं. माझ्या वडिलांची कुऱ्हाड मी अशीच एका दुकानात ग्राइंडरवर धरायला दिली होती. दोन बाभळी तोडेपर्यंत तिची धार वळली, याचं मला आजही वाईट वाटतं. कानस पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची आणि शेवटी ओल्या दगडावर फिरवायचं. ग्राइंडरच वापरायचा असेल तर चष्मा लावा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी लोखंड पाण्यात बुडवा. वखराची पास, म्हणजे खालचं आडवं पातं, झिजून अरुंद झाली असेल तर ते काम लोहाराचंच, तिला नवं लोखंड जोडून शेवटून घ्या.

आता दांडा. वैशाखाचा आग्रह आहे तो याच्यासाठी. आपल्याकडच्या उन्हानं लाकूड जितकं आटायचं तितकं या दिवसांत आटलेलं असतं. आता गच्च बसवलेला दांडा पावसाळ्यात फुगून नेढ्यात, म्हणजे लोखंडाच्या दांडा बसतो त्या भोकात, आणखी आवळतो. भर पावसात बसवलेला दांडा पुढच्या उन्हाळ्यात सैल होतो आणि पातं हातातून सुटून कुणाच्या तरी पायावर जातं. सैल कुऱ्हाड पाण्यात भिजत ठेवायची सवय सोडा. लाकूड फुगतं, नेढ्याच्या लोखंडाला दाबलं जाऊन त्याचे धागे चेपतात आणि सुकल्यावर ते आधीपेक्षा सैल होतं. नागपूरजवळच्या माहुरझरी आणि नायकुंडच्या उत्खननांत अडीच हजार वर्षांपेक्षा जुन्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. त्यांच्यावर दांड्याला आवळण्यासाठी लोखंडी पट्ट्या आहेत, म्हणजे सैल पात्याची काळजी तेव्हाच्या माणसालाही होती.

दांड्याला धावडा किंवा तिवस मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभूळ. लाकूड हिवाळ्यात तोडून सावलीत वाळवलेलं असावं. आजच तोडलेली ओली फांदी घालू नका. धागा दांड्याच्या लांबीत सरळ जायला हवा. तो मध्येच कडेला निघत असेल तर दांडा तिथेच मोडतो. नेढ्यात दांडा आवळायला पाचर वाळलेल्या कठीण लाकडाची घ्या. खिळे ठोकून भागवू नका, दांडा फाटतो.

खुरप्याची मूठ बसवताना निंदणाऱ्या बाईचा हात समोर ठेवून माप घ्या. निंदणाचं बहुतेक काम बाया करतात, दिवसभर उकिडवं बसून, आणि मुठी मात्र हाताला येईल तशा लाकडाच्या असतात. मुठीभोवती बोटं वळवल्यावर त्यांची टोकं अंगठ्याला जवळजवळ टेकली पाहिजेत. जाड मुठीनं मनगट भरून येतं, बारीक मुठीनं तळव्याला फोड येतात. मजुरीला येणाऱ्या बाया आपलं खुरपं सोबत आणतात, तेही धरून पाहा आणि आपल्या खर्चानं मूठ बदलून द्या.

काम करताना खोल जखम झाली, तीही मातीतल्या लोखंडानं, तर हळद लावून बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची सुई घ्या.

शेवटी दांड्याला जवसाचं तेल द्या, पातळ हात, आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा, आणि वरचं तेल प्रत्येक वेळी पुसून घ्या. हे तेल लाकडात मुरून घट्ट होतं, म्हणून ते दांड्याला चांगलं. पण याच तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतून तापतात आणि काडी न लावताही पेट घेऊ शकतात. कुटार, म्हणजे गुरांचा कोरडा भुसा, भरलेल्या कोठ्यात तर हे फारच धोक्याचं. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून पूर्ण वाळू द्या, मगच टाका.