डाळिंबाच्या सालांनी सुती कापड रंगवायचं कसं, सोलापूरच्या पाण्यात आणि सोलापूरच्या उन्हात

सोलापुरात राहून झाडापाल्याचे रंग शिकायचे असतील तर मंजिष्ठा, नीळ असलं काही ऑनलाइन मागवत बसू नका, डाळिंबाच्या सालापासून सुरुवात करा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा सगळीकडे डाळिंब, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच केगावला, आणि संध्याकाळी नवी पेठेत किंवा सात रस्त्याला कुठल्याही ज्यूसवाल्याकडे जाऊन बघा, सालांनी भरलेलं पोतं कचऱ्याच्या गाडीची वाट बघत पडलेलं असतं. त्या सालात नुसता रंग नाहीये, टॅनिन भरपूर असतं, म्हणजे साल चावल्यावर जीभ आखडते ना, तो तुरटपणा. सुती कापडाला रंग धरायला नेमकं हेच लागतं. लोकर आणि रेशीम रंग पटकन घेतात, सूत घेत नाही, त्याला आधी काहीतरी चिकटवून द्यावं लागतं, आणि आपलं गाव तर सुताचंच. म्हणजे कापडही इथलं आणि रंगही इथला, यापेक्षा सोयीचं काय असणार.

एक आधीच सांगते म्हणजे नंतर हिरमोड नको. भगवा जातीच्या डाळिंबाचं साल कितीही लालभडक दिसू दे, कापडावर लाल येत नाही. वरचा लाल टिकत नाही, कापड धरतं तो पिवळा. तुरटीबरोबर छान मातकट पिवळा, मोहरी वाटल्यासारखा, आणि त्यालाच लोखंडाचं पाणी, म्हणजे गंजलेलं लोखंड मुरवलेलं पाणी, दाखवलं की हिरवट करडा. आणि बीट, जास्वंद, लाल कोबी यांचे व्हिडिओ बघून कापड वाया घालवू नका, पातेल्यात रंग इतका सुंदर दिसतो की मोह होतोच, पण दोन धुण्यांत कापड परत पांढरट. हळदीचंही तसंच, चढते लगेच पण उन्हात चार दिवस टिकत नाही.

सालं आणली की त्याच दिवशी दाणे, लगदा झटकून धुवून गच्चीवर पसरा. आतली पांढरी पापडी काढायची गरज नाही, तिच्यातही टॅनिन असतं. उन्हाळ्यात तीन दिवसांत कडकडीत वाळतात, वाकवली की मोडली पाहिजेत, नुसती वाकली तर अजून ओल आहे आणि डब्यात बुरशी येणार. पावसाळ्यात मी आणतच नाही, मार्च ते मे मध्ये वर्षाची साठवून ठेवते. ओळखीत कुणाची बाग असेल तर तेल्याने, म्हणजे डाळिंबावरच्या डागांच्या रोगाने, गेलेली फळं मागा. शेतकऱ्याला ती बघवत नाहीत, बाजारात कुणी घेत नाही, पण मी त्या डागाळलेल्या सालांनी कितीतरी ओढण्या रंगवल्यात आणि पिवळा व्यवस्थित आलाय.

आता कापड. शंभर टक्के सुती पाहिजे, दुकानदार सांगतो त्यावर जाऊ नका, कडेचा एक धागा ओढून जाळून बघा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत, टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर मिसळलंय, ते ठेवून द्या. सुरुवातीला मांजरपाट घ्या, किंवा अक्कलकोट रोडकडून सेकंडचे, म्हणजे किरकोळ दोष असलेले, पांढरे टॉवेल आणा, टॉवेलवर हा रंग खूप खोल दिसतो. चादर नको, आपल्या चादरीचं सूत विणायच्या आधीच रंगवलेलं असतं.

आणि इथे जरा थांबा, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. मागावर चढवायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ देतात, धागा तुटू नये म्हणून. माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते, खळीचा तो आंबूस वास मला लहानपणापासून माहीत, आणि तरीही माझी पहिली ओढणी मी नुसती साबणाने धुवून रंगात टाकली होती. बाहेर काढली तर मधे मधे फिकट ढग आणि घडीच्या जागी गडद पट्टे, दोन दिवसांची मेहनत, आणि ते डाग नंतर कशानेही गेले नाहीत. जिथे खळ तिथे रंग आत शिरतच नाही.

म्हणून कोरं कापड आधी चोवीस तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मधे एकदा पाणी बदला. मग मोठ्या पातेल्यात अर्धा किलो कापडाला पंचवीस ग्रॅम धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे, आणि थोडा साधा साबण किसून घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं, पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातून एवढं निघतं हे पहिल्यांदा बघितलं की खरं वाटत नाही. खळ गेली का ते बघायला कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, निळा-काळा झाला तर खळ शिल्लक आहे, परत उकळा. आणि ओलं वाळल्यावर वरून पाण्याचा थेंब सोडा, टचकन आत गेला पाहिजे, मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून काम बाकी आहे.

पाण्याचंही सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही ते पाणी, आणि काही बोअरना लोखंडही असतं. त्या पाण्यात डाळिंबाचा पिवळा मळकट पडतो, कधी हिरवट होतो, आणि आपण म्हणतो साल खराब होतं. रंगासाठी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा, नळ रोज येत नाही हे मला माहितीये म्हणूनच सांगते, आधीपासून पिंप बाजूला ठेवा. पत्रा एकदा धुऊन निघाला की नंतरच्या पावसाचं पाणी फार चांगलं, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीसुद्धा हलकं असतं, बादली लावून ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रंगाला नको, ते उलट जास्त जड असतं. पहिलं खळबळून धुणं बोअरच्या पाण्यात केलं तरी चालतं, पण सालं उकळायला, तुरटीला आणि शेवटच्या धुण्याला हलकं पाणी.

मुख्य कृती माझ्या डोक्यात तीन शब्दांत आहे, साल, तुरटी, परत साल. साल आधी का, तर टॅनिन सुताला धरतं, तुरटी टॅनिनला धरते आणि रंग तुरटीला. शेजारी एक तेलुगू आजी होत्या, त्या हिरड्याला करक्काया म्हणायच्या, आणि श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत कापड आधी करक्काया आणि म्हशीच्या दुधात बुडवतात ते त्यांच्याकडूनच मी पहिल्यांदा ऐकलं. तिथे हिरडा करतो ते काम इथे डाळिंबाचं साल करतं, वरून रंगही तेच देतं, म्हणून हिरडा वेगळा आणायला नको.

अर्धा किलो कापडाला अर्धा किलो वाळलेली सालं, ओली असतील तर दीड किलो. कापड कोरडं असताना वजन करायचं, अंदाजाने नको, पुढे तोच रंग परत काढायचा असेल तर वजनाशिवाय जमत नाही. सालं कुटून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर तासभर उकळा, जुन्या फडक्यातून गाळा. गाळलेल्या सालांवर परत पाच लिटर पाणी घालून अर्धा तास उकळा, तेही गाळून पहिल्यात मिसळा. फडक्यातून नीट गाळा, सालाचा चुरा राहिला की कापडावर ठिपके उठतात. पातेलं स्टीलचं, आणि ते स्वयंपाकाला परत वापरायचं नाही. लोखंडी कढई अजिबात नको, पिवळा बघता बघता काळपट होतो.

आता कापड ओलं करून, पिळून, रंगात सोडा. कोरडं टाकलं तर डाग पडतात. आच एवढीच की बोट घालवत नाही पण बुडबुडेही येत नाहीत, तासभर, दर पाच मिनिटांनी हलवत राहा, मग गॅस बंद करून रात्रभर त्यातच राहू द्या. सकाळी पिळून काढा, धुवू नका, रंगाचं पाणी ठेवून द्या.

तुरटी पंचाहत्तर ग्रॅम कुटून गरम पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात दहा ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा आणि तो तुरटीच्या पाण्यात हळूहळू ओता, फसफसून वर येतं म्हणून भांडं निम्मं रिकामं ठेवा. त्यात कापड बुडेल इतकं कोमट पाणी वाढवून दोन तास कापड ठेवा, सगळ्या घड्या मोकळ्या करून. मग हलकंसं खंगाळा आणि परत त्या ठेवलेल्या रंगात, परत मंद आचेवर तासभर. या दुसऱ्या फेरीत रंग उजळतो, आधी कापड फिकट बदामी दिसतं आणि तुरटीनंतर पिवळा असा काही फुलतो की दरवेळी मी हातातलं काम टाकून बघत उभी राहते. तुरटीचं उरलेलं पाणी ओतू नका, पुढच्या वेळी निम्मी तुरटी घालून तेच चालतं. रंगाचं पाणीही तसंच, त्यात दुसरा टॉवेल टाका, फिकट लोण्यासारखा येतो, मला तर तो पहिल्यापेक्षा आवडतो.

लोखंडाचं पाणी ज्यांना करायचंय त्यांनी आधीच करून ठेवावं. गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे अर्धा किलो, गूळ शंभर ग्रॅम, पाणी दोन लिटर, प्लास्टिकच्या डब्यात, झाकण सैल. दोन आठवडे ठेवा, आपल्या मे महिन्यात आधीच होतं. वर फेस येतो, आंबूस लोखंडी वास येतो. वापरताना गाळून, बादलीभर पाण्यात एक वाटी. आणि मग बघा, पिवळं ओलं कापड त्यात बुडवलं की ज्या कडेला पाणी लागतं तिथून करडा रंग वर चढत जातो, चार-पाच सेकंदांत, हातातल्या हातात कापड शेवाळी होतं. दोन मिनिटांत बाहेर काढा आणि लगेच खंगाळा. जास्त वेळ ठेवलं तर गडद होतं खरं, पण लोखंड सूत कुजवतं, वर्षभरात कापड हाताने फाटतं. घाई असेल तर आयुर्वेदिक दुकानातलं हिराकस चालतं, अर्धा किलोला दहा ग्रॅमच्या वर नाही, हातमोजे घालून आणि लेकरांपासून लांब. मोरचूद आणि क्रोमवाले मीठ मी घरात आणत नाही. रंग सुंदर येतात त्याने, पण ते विष शेवटी गटारातून कुठे जातं याचा विचार करा की.

खरं तर गॅसचाही विचार करायला हवा. तासन् तास सिलिंडर जाळून पर्यावरणाचा रंग म्हणणं मला पटत नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये मी गॅस जवळजवळ बंदच करते. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, गच्चीचा पत्रा हात लावू देत नाही, ते ऊन फुकट आहे. लोणच्याची मोठी काचेची बरणी घ्या, गाळलेला रंग आणि कापड त्यात, झाकण लावून गच्चीवर चार दिवस, रोज एकदा हलवायचं. रंग गॅसपेक्षा एकसारखा येतो असा माझा अनुभव आहे, फक्त बरणी छोटी असेल तर कापड कोंबू नका.

बरणीला ऊन, पण रंगलेल्या कापडाला सावली, यात गल्लत करू नका. मी एकदा दुपारी तारेवर वाळत घातलं आणि संध्याकाळपर्यंत तारेवरच्या घडीच्या बाजूने उडालेल्या रंगाची लांब रेघ. घरात पंख्याखाली वाळवा, नाहीतर जिन्यात. वाळल्यावर आठवडाभर तसंच घडी करून ठेवा, लगेच धुवू नका, रंगाला बसू द्या.

बाकी झाडांचं थोडक्यात, हीच साल-तुरटीची पद्धत सगळ्यांना चालते, फक्त दुसऱ्या फेरीत रंग बदलायचा. मार्केट यार्डात कांद्याची टरफलं पोत्याने मिळतात, तांबूस सोनेरी रंग येतो. दसऱ्यानंतर झेंडूचे हार वाळवून ठेवा, त्याचा पिवळा डाळिंबापेक्षा चकचकीत. बाभळीच्या सालीचा तपकिरी फार सुरेख, पण उभ्या झाडाची साल कधी सोलू नका, झाड मरतं, छाटलेल्या फांद्यांची घ्या.

धुण्याला रीठा किंवा साधा सौम्य साबण. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, त्याने पिवळा एका धुण्यात तपकिरीकडे झुकतो. आणि लोखंडाच्या करड्यावर लिंबू सांडू देऊ नका, जिथे थेंब पडेल तिथे करडा उडून पिवळा ठिपका उघडा पडतो. पहिली दोन धुणी वेगळी करा, थोडं पिवळं पाणी निघेल, तिसऱ्यापासून थांबतं.

प्रत्येक वेळी रंगवताना त्याच कापडाची चार बोटं पट्टी बरोबर बुडवा आणि वहीत टाका, शेजारी साल किती, तुरटी किती, पाणी नळाचं की बोअरचं, महिना कुठला. माझ्या वहीत आता सत्तरच्या वर पट्ट्या आहेत, आणि कुणी त्याच रंगाचा जोड टॉवेल मागितला तर मी आधी ती वही उघडते.