खानापूरला फोटो काढायला जायचंय? आधी एकदा कॅमेरा घरी ठेवून जा

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला वर्षात एकच महिना हक्काचा मिळतो, तो पौष. मुहूर्त नसतात, स्टुडिओत पासपोर्ट फोटोपलीकडं गिऱ्हाईक नसतं. बेळगावच्या शहापुरातलं माझं दुकानाचं शटर त्या महिन्यात मी एक-दोन दिवस खाली ओढतो आणि चार-पाच हौशी मंडळींना घेऊन खानापूरला जातो. खानापूर माझं गाव. बेळगावपासून 26 किलोमीटर, मलप्रभेच्या काठी. गोव्याला जाणारे लोक तिथं चहालासुद्धा थांबत नाहीत, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

दरवर्षी कुणीतरी उत्साहानं आखणी पाठवतं: सकाळी असोगा, दहाला हलशी, मग नंदगड, जेवून कणकुंबी, जमलंच तर चोर्ला घाटात सूर्यास्त. ही फोटोची सहल नव्हे, ही वऱ्हाडाची गाडी. एकट्या हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ दिवस खाऊन वर मागेल. आत समोरासमोर दोन गाभारे, एकात नरसिंह आणि एकात वराह, आणि दोन्हींच्या मधला उजेड तासातासाला बदलतो. तिथं वीस मिनिटं काढून आलेला माणूस पाटीचा फोटो घेऊन येतो. माझ्या सहलीला नदी एक आणि थांबे तीन. चौथा थांबा सुचवणाऱ्याला मी जेवणाचं बिल देतो, भरायला.

आधी रिकामा फेरा. म्हणजे ठरल्या दिवसाच्या आठवडाभर आधी, त्याच वेळेला, कॅमेरा न घेता जाऊन यायचं. मोबाईल खिशात राहू दे, पण बाहेर काढायचा नाही. कॅमेरा हातात असला की माणूस बघत नाही, काढतो. या फेऱ्यात तीन गोष्टी बघायच्या: सूर्य कुठून येतो, माणसं किती वाजता येतात आणि चहा किती वाजता उकळतो.

पहिल्या गोष्टीत मी स्वतः तोंडघशी पडलोय. दिवाळीच्या सुमारास पुलावरची एक जागा हेरून ठेवली होती, नदीच्या पात्रातून बरोबर मधोमध सूर्य वर येत होता. पौषात सहा जणांना पहाटे तिथं नेऊन उभं केलं. सूर्य आला तो झाडामागून, तोही बराच उशिरा. थंडीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेकडं सरकलेला असतो. आपल्या भागात डिसेंबरअखेर हे सरकणं जवळजवळ 24 अंश असतं. मोजायची सोपी रीत: पूर्वेकडं तोंड करून हात ताणा आणि मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. पूर्वेपासून उजवीकडं अडीच मुठी, तिथं सूर्य. दिवाळी ते पौष एवढ्यात तो साधारण एक मूठभर हलतो, आणि एवढ्यात एक अख्खं झाड आडवं येतं.

महिना निवडताना पाण्याकडं बघा. पावसाळ्यात मलप्रभा तांबड्या चहासारखी वाहते. याच नदीकाठच्या हब्बनहट्टीचा मारुती दरवर्षी पाण्याखाली जातो, फोटो पेपरात येतात, तेवढ्यावर समाधान मानावं. पुराच्या काठाला ट्रायपॉड लावणाऱ्याला मी सहलीला नेत नाही. दिवाळीनंतर गढूळपणा बसतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी काचेसारखं असतं, आणि खडक बाहेर पडलेले असतात. मार्चनंतर नदी डबक्याडबक्यांत तुटते. संक्रांतीला असोग्यात आणि हब्बनहट्टीत स्नानाला गर्दी असते. माणसांचे फोटो हवे असतील तर तोच दिवस धरा, नदीचे हवे असतील तर तोच टाळा.

सामान कमी. एक बॉडी, एक लेन्स. दोन लेन्सा नेणारा अर्धा दिवस लेन्स बदलण्यात घालवतो, वर धूळ सेन्सरवर. 35 किंवा 50 ची प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स असली तर उत्तम, नाहीतर कॅमेऱ्याबरोबर मिळालेली झूम पुरे. जादा बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, कारण थंडीत ती लवकर मान टाकते. घरातला जुना टॉवेल, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि पकड असलेल्या चपला. मोबाईलवर काढणार असाल तर काहीही कमी नाही, फक्त लेन्स धोतराच्या सोग्यानं नव्हे, स्वच्छ कापडानं पुसा. मी बघतो त्या धुरकट मोबाईल फोटोंपैकी निम्म्यांना कारण बोटाचं तेल असतं.

आता दिवस. जानेवारीच्या मध्याला आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला नदीवर पोचायचं म्हणजे बेळगाव साडेपाचला सोडा. एसटीच्या भरवशावर राहू नका, गाडी करा. रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असेल तर नदीवर धुकं असणारच. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याची वाफ वर येऊन थिजते. हे धुकं ऊन चढलं की बघता बघता उडतं, म्हणून आधी चहा नाही. धुक्यात कॅमेरा फसतो. त्याला सगळं पांढरं दिसतं आणि तो फोटो करडा करून ठेवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) वर घ्या. मोबाईलवर काळ्या खडकावर बोट दाबून धरा, तो उजेड लॉक होतो.

धुकं विरलं की घाट. गावातल्या घाटावर बायका धुणं घेऊन येतात, आणि माझ्या लेखी सगळ्या सहलीचं मोल या तासात आहे. पहिली पंधरा मिनिटं नुसतं पायरीवर बसा. गेल्या वेळी एक आजी सतरंजी धूत होत्या. सतरंजी ओली झाली की जड, ती एकटीला पिळवत नाही. त्यांनी एक टोक पायाखाली धरलं, दुसरं हाताला गुंडाळलं आणि कमरेतून वळल्या. पाणी एका धारेत कोपरावरून खाली आलं. मी कॅमेरा उचलला तसा आवाज आला, "कुणाचा फोटो काढूलालास रे? घरात सून हाय, तिचा काढ की."

म्हणून विचारून काढा. मराठीत विचारा, आणि समोरून कानडी आलं तर "फोटो तेगीलेन्री?" एवढं पाठ असू दे. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली, चेहऱ्यावर हसू ठेवून. अंघोळ करणाऱ्यांकडं लेन्स वळवायचीच नाही, यात चर्चा नाही. हो म्हटलं तर उजेडाच्या समोर तोंड करून, म्हणजे ऊन त्यांच्या पाठीमागून येईल असे बसा, आणि मागं काठाची सावली येऊ द्या. काळ्या सावलीवर धुण्याचे शिंतोडे एकेक मोजता येतात. शटर हजाराच्या पुढं, म्हणजे एक सेकंदाचा हजारावा भाग. नऊ वाजले की ऊन सपाट होतं आणि बायकाही घरी जातात. आता चहा. एक सूचना: थंडगार कॅमेरा घेऊन वाफेनं भरलेल्या हॉटेलात शिरलात की काचेवर दव बसतं. तो बाहेरच पिशवीत बंद करा आणि आत गेल्यावर पिशवीतच राहू द्या. पुरी-भाजीचा फोटो मोबाईलनं काढा, तेवढी मुभा.

दहा ते तीन नदी विसरा. डोक्यावरच्या उन्हात पाणी पत्र्यासारखं चमकतं. हा वेळ मी कुंभाराकडं काढतो. खानापुरची माती नावाजलेली, कौलं आणि मडकी इथली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही इथंच आहे. चाकावर बसलेल्या माणसाच्या दारातून एका बाजूनं येणारा उजेड फुकटातला स्टुडिओ आहे. फ्लॅश लावलात तर मी ओळख दाखवणार नाही. बघायचं ते अंगठ्याकडं. मातीच्या गोळ्यात अंगठा उतरतो तो क्षण जेमतेम सेकंदाचा, मग भांड्याला तोंड फुटतं आणि पुढचं सगळं त्या मानानं सरळ. शटर एक-साठांशावर ठेवा: चाक फिरतंय हे दिसतं, अंगठा मात्र स्थिर येतो. कुंभाराचा तासभर घेतलात तर दोन कुंड्या विकत घ्या. भाव करू नका.

तिसरा थांबा असोगा, गावापासून जवळच. रामलिंगेश्वराचं देऊळ, खडकांतून वळसे घेत जाणारी नदी आणि वर रेल्वेचा पूल. साडेतीनला पोचा. खडकावरून पडणारं पाणी रेशमासारखं हवं असेल तर ट्रायपॉड आणि पाव ते अर्धा सेकंद. कॅमेऱ्याला पोलरायझर, म्हणजे चमक कापणारी फिरती काच असेल तर ती इथं लावा. ओल्या दगडावरची चमक जाते आणि पाण्याखालचे गोटे दिसतात. पाण्याकडं तिरकं बघत ती फिरवली तरच तिचा गुण येतो. आणि काळाकुळकुळीत, गुळगुळीत दिसणारा दगड म्हणजे शेवाळ. मी तिथंच एकदा बुडावर बसलो. कॅमेरा हात वर करून वाचवला, पण लेन्सचं टोपण वाहत गेलं. एव्हाना ते याच नदीवरच्या सौंदत्तीच्या धरणात पोचलं असेल.

पुलावरच्या गाडीचा फोटो सगळ्यांना हवा असतो. तो खालून, पात्रातून काढा. इंजिनाची शिट्टी आधी ऐकू येते, तेवढ्यात चौकट लावून ठेवा, शटर पाचशेच्या पुढं. पुलावर किंवा रुळावर चढायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी मात्र कायदा बघत नाही. सूर्यास्त साधारण सव्वासहाला. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आभाळ निळं-जांभळं असतं आणि पूल नुसता काळा. तेव्हाच लोक सामान आवरायला लागतात, का ते मला अजून समजलेलं नाही.

अंधार पडला की तिथून निघा. हा जंगलाचा तालुका, भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे, आणि अस्वलाला मॉडेल व्हायची हौस नसते.

मी प्रत्येकाला दिवसभराचे 36 फोटो ठरवून देतो. माझ्या यशिकात तेवढाच रोल असायचा. मोबाईलवाले पहिल्या तासात संपवतात आणि मग माझ्या तोंडाकडं बघतात. मी म्हणतो, जुने खोडा आणि जागा करा. काय खोडायचं हे ठरवताना माणूस आपले फोटो पहिल्यांदा नीट बघतो. घरी गेल्यावर त्यातले सहा निवडायचे, जास्त नाही.

ज्यांचे काढले त्यांना प्रिंट द्यायची, ही सहलीचीच पायरी समजा. व्हॉट्सॲपवर नव्हे, 4 बाय 6 चा कागद, आणि पुढच्या रिकाम्या फेऱ्याला हातात. मी त्या आजींचा पिळलेल्या सतरंजीचा फोटो घेऊन गेलो होतो. माझ्या लेखी वर्षातला सगळ्यात चांगला: नुसते दोन हात, वळलेलं कापड, पाण्याची धार. आजींनी तो उलटा धरला, सुलटा धरला, शेजारणीला दाखवला.

"सतरंजी माझीच हाय," त्या म्हणाल्या. "माझं तोंड कुठं गेलं ह्यात?"

यंदाच्या पौषात तोंडाचा काढायचाय.