उन्हाळ्यात सागाच्या फळ्या चिकटवताना
कपाटाच्या दारासाठी फळ्या जोडायच्या तर सकाळी ऊन चढायच्या आत जोडा. दुपारच्या उन्हात पांढऱ्या गोंदावर काही मिनिटांतच साय धरते. सांधा वरून पक्का दिसतो, आत मात्र कच्चा राहतो. घट्ट वाटला म्हणून गोंदात पाणी घालू नका, ताकद जाते. साग तेलकट असतो, त्यामुळे कडांना त्याच दिवशी रंधा मारा आणि थिनरने पुसून सुकू द्या. क्लॅम्प (फळ्या आवळून धरणारे शिकंजे) दर २० सेंमीवर, एक वरून, एक खालून. गोंदाचे बारीक मणी सांधाभर सलग दिसले की आवळणं थांबवा.

खरी परीक्षा पावसाळ्यात. मे महिन्यात आकसलेली ३०० मिमी रुंदीची फळी जुलैत २ ते ३ मिमी फुगू शकते. दाराच्या चौकटीच्या ज्या खाचेत ही फळी बसते, त्या खाचेत तेवढी जागा सोडा, तिथे गोंद अजिबात नको. नाहीतर चौकटीचेच सांधे उघडतात.