गोल्फ क्लबची ग्रिप घरी बदलताय? मग या चुका टाळा

ग्रिप म्हणजे क्लबच्या दांड्यावरची, म्हणजे शाफ्टवरची रबरी मूठ; ती डबल साइड टेपवर चिकटते. नवी ग्रिप शाफ्टवर सरकवायला दहा सेकंद लागतात. काम बिघडतं ते त्याच्या आधी: ग्रिप मागवताना माप घेतलं नाही म्हणून, नाहीतर सॉल्व्हंट (टेप ओली करून ग्रिप सरकवणारं द्रव) ओतताना हात आखडला म्हणून. पुण्यात येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर किंवा बावधनच्या पुढे ऑक्सफर्डच्या कोर्सवर, घरी ग्रिप बदलून आलेला एखादा तरी गडी भेटतोच. तिसऱ्या होलवर कॅडी हळूच म्हणतो, "साहेब, ग्रिप फिरतीये." मग उरलेले पंधरा होल क्लब आवळून धरून काढायचे.

आधी ग्रिप खरंच झिजली आहे का ते बघा. घाम, सनस्क्रीन आणि आपल्याकडची धूळ यांचा थर बसला की चांगली ग्रिपही गुळगुळीत लागते. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पुसा, सावलीत वाळवा. हाताला पुन्हा पकड आली तर पैसे वाचले. घासूनही अंगठ्याच्या जागी चकाकी राहत असेल, नखाने दाबल्यावर रबर दगडासारखं लागत असेल किंवा बारीक भेगा दिसत असतील, तर मात्र ती बदलायलाच हवी. एप्रिल-मे महिन्यात किट गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांच्या ग्रिप न खेळताही कडक होतात, हे सांगून ठेवतो.

माप न घेता ऑर्डर

बरेच जण ग्रिपचा रंग बघतात, मॉडेल बघतात आणि 'स्टँडर्ड' एवढं वाचून पैसे भरतात. पण ग्रिपला आतल्या पोकळीचंही माप असतं. एम ५८ म्हणजे आतून ०.५८० इंच, एम ६० म्हणजे ०.६०० इंच. हा आकडा शाफ्टच्या वरच्या टोकाच्या जाडीशी जुळायला हवा. ०.६०० च्या शाफ्टवर एम ५८ चढवली तर ती ताणली जाऊन हातात जाड लागते. ०.५८० च्या शाफ्टवर एम ६० चढवली तर बारीक लागते. दोन्ही चालतं, पण ठरवून केलं असेल तर. सेटमधले आयर्न स्टीलचे आणि ड्रायव्हर-हायब्रिड ग्राफाइटचे असतील, तर जाडी वेगवेगळी निघू शकते. व्हर्नियर कॅलिपर घ्या, जुनी टेप पूर्ण काढा आणि प्रत्येक शाफ्ट मोजा. टेपसकट मोजलेलं माप फसवं असतं.

हातात थोडी जाड ग्रिप हवी असेल तर मिडसाइजच घेतली पाहिजे असं नाही. डबल साइड टेपच्या खाली मास्किंग टेपचे थर देऊन जाडी वाढवता येते. ते थर सगळ्या क्लबवर सारखे द्या, म्हणजे सात नंबरचा आयर्न एक आणि आठचा दुसराच असं वाटणार नाही. वजनाचंही भान ठेवा. जुनी ग्रिप साधारण ५० ग्रॅमची असेल आणि नवी त्याहून पाचेक ग्रॅम जड निघाली, तर स्विंगवेट (क्लब फिरवताना डोक्याचं जाणवणारं वजन) अंदाजे एका पॉइंटने कमी होतं आणि क्लबचं डोकं हलकं वाटायला लागतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही ठेवून बघायला कितीसा वेळ लागतो?

सॉल्व्हंट: चुकीचं किंवा कमी

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. रविवार पेठेत बोहरी आळीत रंगाच्या दुकानात जाऊन नुसतं "काका, थिनर द्या" म्हणालात, तर एनसी थिनरचा डबा पुढे येण्याची शक्यता मोठी. ते लॅकरसाठी असतं. ते रबर फुगवतं आणि ग्राफाइट शाफ्टचा रंगही उतरवतं. मागायचं मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे ऑइल पेंट पातळ करायला वापरतात ते. रॉकेल नको, कारण त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि टेप पुन्हा धरत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन रबराचं वाटोळं करतं. पंपावरचं पेट्रोल तर घरात आणूच नका. काही जण हौसेने साधं पाणी वापरतात. पाण्यावर चालणारी ग्रिप टेप वेगळी मिळते, ती असेल तरच पाणी. साध्या डबल साइड टेपवर पाण्याने ग्रिप पुढे सरकत नाही.

आता प्रमाण. काटकसर हा आपल्याकडे सद्गुण आहे खरा, पण इथे तो आड येतो. दोन चमचे टर्पेंटाइन शिंपडून ग्रिप ढकलली की ती निम्म्यावर जाऊन घट्ट बसते, मग पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने किंवा लाकडी टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करायचं, आत पाव वाटी तरी टर्पेंटाइन ओतायचं, तोंडावर अंगठा ठेवून नीट हलवायचं आणि तेच टेपवर सगळीकडून ओतायचं. टेपचा एकही भाग कोरडा राहता कामा नये. खाली पसरट ट्रे ठेवला की सांडलेलं त्यात जमा होतं आणि पुढच्या क्लबला वापरता येतं, म्हणजे काटकसरही झाली.

हे काम गॅलरीत किंवा गच्चीवर करा. टर्पेंटाइन पेट घेतं, त्यामुळे शेजारच्या खोलीत देवापुढची समई किंवा उदबत्ती चालू असताना नको, गॅसजवळ तर नकोच. भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका.

जुनी ग्रिप कापताना

स्टीलच्या शाफ्टला साधा कटर चालून जातो. ग्राफाइटवर सरळ पात्याचा कटर म्हणजे विषाची परीक्षा. पातं रबरातून खाली उतरून कार्बनचे धागे चिरतं, चरा दिसतही नाही आणि शाफ्ट कधीतरी ऐन स्विंगमध्ये तुटतो. हुकसारखं वळलेलं पातं मिळतं, ते घ्या. ग्रिपच्या तोंडापासून टोकाकडे, अंगापासून दूर, पात्याचं टोक वर ठेवून कापत जा.

टेप निघत नसेल तर हेअर ड्रायरने कोमट करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. हीट गन असली तरी ग्राफाइटवर जपून, कारण त्यातलं रेझिन उष्णतेने मऊ पडतं. व्हाइसमध्ये धरतानाही तेच: मध्ये रबरी क्लॅम्प हवा आणि दाब फिरणार नाही इतपतच. ग्राफाइटची नळी आवळून चेपली गेली तर दुरुस्ती नसते.

टेप आणि चढवणं

स्टेशनरीच्या दुकानातली जाड फोमची डबल साइड टेप घेऊ नका, त्यावर ग्रिप गुठळ्या-गुठळ्यांची होते. पातळ कागदी टेप लागते. नवी ग्रिप शाफ्टशेजारी धरून तोंडाची जागा पेन्सिलने खुणावा आणि टेप त्याच्या अर्धा इंच अलीकडे संपवा, नाहीतर ग्रिपखालून टेपची कड डोकावत राहते. वरच्या टोकाला टेप अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवून ती पिळून शाफ्टच्या पोकळीत दाबा. हे बहुतेक जण वगळतात. मग टर्पेंटाइन शाफ्टच्या आत जातं, आणि धातूची उघडी कड हळूहळू ग्रिपची टोपी आतून कापते.

चढवताना थांबायचं नाही. ग्रिपचं तोंड थोडं दाबून चपटं करा, शाफ्टच्या टोकावर बसवा आणि एका दमात ढकला. टोपी शाफ्टला टेकल्याचं हाताला कळतं. शंका असेल तर टोक जमिनीवर दोनदा हलकं आपटा. अंगठ्याने दाबल्यावर टोक पोकळ लागलं तर ग्रिप अजून पूर्ण बसलेली नाही. काही जण लांबी कमी वाटली म्हणून ग्रिप खाली ओढतात. त्याने ती बारीक होते, आणि पुढे पुन्हा आखडते ती वेगळीच.

यानंतर हातात दोन-चार मिनिटं असतात. क्लब जमिनीवर ठेवून फेस (चेंडूला लागणारी बाजू) सरळ करा आणि वरून पाहत ग्रिपवरची रेघ जुळवा. आतून उंच पट्टी असलेली रिमाइंडर ग्रिप असेल तर एवढासा तिरकेपणाही बोटांना खोटा निरोप देतो. लॉफ्ट (फेसचा कल) बदलता येणाऱ्या ड्रायव्हरला अशी ग्रिप बसवू नका. अशा बऱ्याच ड्रायव्हरमध्ये सेटिंग बदललं की शाफ्ट फिरतो आणि पट्टी भलतीकडे जाते, त्याला गोलच बरी. पटरची ग्रिप चपटी असते, तिथे सर्वात जास्त वेळ द्या. ही चपटी ग्रिप फक्त पटरलाच नियमात बसते, बाकी क्लबच्या ग्रिपचा छेद गोल हवा, हेही लक्षात असू द्या.

तरीही अडलंच तर

ग्रिप निम्म्यात अडकली तर जोर लावत बसू नका. तोंडाकडून टर्पेंटाइन सोडा, ग्रिप थोडी वळवा आणि परत ओढून काढा. नाही निघाली तर कापून टाका, एका ग्रिपसाठी शाफ्ट वाकवू नका. रेघ तिरकी असल्याचं दुसऱ्या दिवशी दिसलं, तर इंजेक्शनच्या सिरिंजने ग्रिपखाली टर्पेंटाइन सोडून ती फिरवता येते. स्टीलवर हे करून बघायला हरकत नाही, ग्राफाइटवर सुईने ओरखडा नको. क्लब हलवल्यावर आत खुळखुळ आवाज येतोय? जुन्या टेपचा किंवा टोपीचा तुकडा शाफ्टमध्ये पडला असण्याचा संभव आहे. नवी ग्रिप चढवण्यापूर्वी शाफ्ट उलटा करून झटकला की हा प्रश्नच येत नाही.

वाळायला एक रात्र द्या. जून ते सप्टेंबर, हवा दमट असते तेव्हा पाण्याच्या टेपला त्याहून जास्त वेळ लागतो. उन्हात ठेवून घाई करू नका. सकाळी ग्लोव्ह घालून क्लबचं डोकं गुडघ्यांत धरा आणि ग्रिप दोन्ही बाजूंना पिळून बघा. किंचितही फिरली तर आणखी एक रात्र राहू द्या. तरीही फिरतच असेल तर शाफ्ट कुठेतरी टेपविना राहिला आहे किंवा टेपवर तेलकट काही लागलं आहे. तेव्हा ती ग्रिप काढा, शाफ्ट कोरडा पुसा आणि नवी टेप लावून पुन्हा सुरुवात करा.