दचकणं की आकडी? तान्ह्या बाळाच्या हालचाली पाहताना या चुका टाळा

स्वयंपाकघरात भांडं पडलं की तान्हं बाळ दोन्ही हात फाकवतं, मग छातीशी ओढून रडतं. घरात लगेच मीठ-मोहरी शोधली जाते. दृष्ट काढायची तर काढा, पण हे दचकणं जन्मजात आहे. डॉक्टर त्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात आणि चार-सहा महिन्यांत ते आपोआप जातं. मात्र दचकताना दरवेळी एकच हात उचलला जात असेल तर दाखवून घ्या. बाळंतपणात खांद्याची नस ताणली गेलेली असू शकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हालचाल किती जोरात होते यावरून घाबरायचं की नाही ते ठरवणं. नवजात बाळाची आकडी बऱ्याचदा अगदी बारीक असते. नजर एका बाजूला खिळते, तोंड उगाच चोखल्यासारखं हलत राहतं, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, कधी श्वास थांबून ओठ निळे पडतात. झोपेत बाळ हसलं की ‘सटवाई हसवतेय’ म्हणतात, तेवढं ठीक. नजर अडकली तर ते सटवाईवर सोडू नका.

हात-पाय थरथरत असतील तर तो हात हलकेच धरून दुमडा. साधी थरथर थांबते, आकडी तळहाताखालीही जाणवत राहते. थांबली तरी थरथर वारंवार होत असेल, विशेषतः बाळ नीट पीत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं. झोपेतल्या झटक्यांना मात्र ही युक्ती लावू नका, धरल्याने ते वाढूही शकतात. बाळाला जागं करा. निरुपद्रवी झटके जाग येताच थांबतात.

आकडी वाटली तर कांदा हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, पाणी किंवा गुटी पाजणं यातलं काहीही नको. बाळाला कुशीवर ठेवा, घड्याळ बघा, दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ शांत झालेलं असतं, तेव्हा डॉक्टरांना तो व्हिडिओच कामी येतो. आकडी आपोआप थांबली तरी नवजात बाळाला घरी ठेवून वाट पाहायची नाही.

तीन महिन्यांनंतर आकडीचा आणखी एक फसवा प्रकार दिसू शकतो. झोपेतून उठल्या उठल्या बाळ मान आणि कंबर पुढे झुकवतं, हात फाकवतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, असं ओळीने अनेकदा. पोटदुखी समजून ओव्याचा शेक दिला जातो. आवाज झालेला नसताना अशा लागोपाठ माळा येत असतील तर मधे बाळ खुदकन हसलं तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठा. उपचाराला उशीर झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.