चालती गाडी दम सोडते तेव्हा

गॅरेजवर मोटारसायकल ढकलत आणणाऱ्याची तक्रार एका वाक्यात संपते: ‘गाडी वढस नही’, म्हणजे गाडी ओढत नाही. या वाक्यामागे सात-आठ वेगवेगळे बिघाड असू शकतात, आणि त्यातला कोणता हे बहुतेक वेळा पाना हातात घेण्याआधीच कळतं. दम एकदम गेला की हळूहळू, किती किलोमीटरनंतर गेला, इंजिनाचा आवाज चढत होता की तोही पडला, हे गाडीवर बसल्याबसल्याच ध्यानात ठेवा. पाच-पंचवीस किका मारल्या की ठिणगीचा प्लग पेट्रोलने ओला होतो आणि खूण पुसली जाते.

दम सुटतोय असं वाटलं की रेस पिळत राहू नका. आरशात बघून डावीकडे घ्या. चाळीसगावहून औट्रम घाट चढत असाल तर वळणावर थांबू नका, मागच्या गाडीला तुम्ही दिसणार नाही.

आता पहिला प्रश्न. रेस दिल्यावर इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही? मग इंजिन ठणठणीत आहे, क्लच घसरतोय. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी सुटी हालचाल हवी. केबल तंग असेल तर क्लचच्या प्लेटा एकमेकींना पूर्ण धरत नाहीत. केबलचा अ‍ॅडजस्टर ढिला करा, अर्ध्या गाड्या एवढ्यावर घरी पोचतात. तरीही घसरत असेल आणि जळका वास येत असेल तर प्लेटा संपल्या. नुकतंच ऑइल बदललं असेल तर डबा आठवा. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (JASO MA, MA2: अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) छापलेलं हवं. कारचं निसरडं ऑइल टाकलं की नव्या प्लेटाही घसरतात.

इंजिनाचा आवाज नीट, पण गाडीला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं? मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. लगेच अडत असेल तर ब्रेक धरलाय. ड्रमवर पाण्याचे थेंब टाका. चर्र झालं तर खात्रीच. मागच्या पेडलला २० ते ३० मिमी सूट ठेवा. पावसाळ्यात शेतातून बाहेर आलात तर आधी मडगार्डखाली बघा. आपली काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये अशी ठासते की चाक ब्रेक न लावताच थांबतं. ती ओली असतानाच काडीने काढा, वाळली की वीट होते.

इंजिनच मंदावत असेल तर बहुतेक वेळा पेट्रोलपासून सुरुवात करावी. गाडी १०-१५ किलोमीटर छान चालते, मग गचके देत बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते? टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जाताना त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. टाकीला रेक्झिनचं कव्हर चढवलं असेल तर संशय आधी त्याच्यावर. झाकणाचं भोक धुळीने किंवा पॉलिशने बुजतं. महिनाभर उभ्या गाडीच्या बारीक नळ्यांत कुंभारीण माशीही चिखल भरून ठेवते.

झाकण निर्दोष निघालं तर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. चावी बंद, इंजिन गार, जवळपास विडी-काडी नाही. खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून तीन-चार चमचे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर पाणी आहे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पिऊन घेतं आणि प्रमाण वाढलं की पाण्यासकट तळाशी बसतं. सुट्या बाटलीतलं पेट्रोल म्हणूनच जपून घ्यावं.

चोकची (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) चाचणी फुकट आहे आणि फार काही सांगते. दम पडत असताना चोक अर्धा ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून जादा हवा शिरतेय. आणखी खोकायला लागली तर पेट्रोल जास्त होतंय किंवा एअर फिल्टर गच्च आहे. हळू चालवताना ठीक आणि पन्नासच्या वर गचके, म्हणजे मेन जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कचरा. रेस सोडली की बंद, म्हणजे पायलट जेट (रेस नसताना पेट्रोल देणारं भोक). जेट हवेने फुंकून साफ करा. आत तांब्याची तार खुपसू नका, भोक मोठं होतं आणि अ‍ॅव्हरेज कायमचं जातं. जादा हवेसाठी कार्बोरेटर आणि इंजिनामधलं रबर बघा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात ते तडकतं. रेस न देता इंजिन चालू ठेवून त्यावर साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर चीर तिथेच.

एअर फिल्टर कधी बघायचा याचा पुस्तकातला आकडा डांबरी रस्त्याचा आहे. रोज शेतरस्त्याने जाणाऱ्याने दर १५०० किमीला उघडावा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, आतून बाहेर हवा मारायची. फोमचा धुवून, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचा हलका हात देऊन पिळून बसवायचा. ‘घरी जाईपर्यंत’ म्हणून फिल्टर काढून चालवू नका, ती धूळ सिलिंडर घासते.

प्लग काढला की रंग बघा. खारी बिस्किटासारखा तपकिरी उत्तम, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फटक म्हणजे हवा जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. प्लगच्या टोकांमधली गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. फरशी पुलावरच्या पाण्यातून आल्यावर गाडी फटफटत असेल तर प्लग कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसा.

चढावर गाडी तापून दम सोडत असेल आणि आतून टकटक येत असेल तर लगेच थांबा, सावलीत अर्धा तास. इंजिनावर पाणी ओतू नका, सिलिंडरचं तापलेलं डोकं (हेड) तडकू शकतं. मग मेन स्टँडवर ऑइल तपासा. बहुतेक १०० सीसी गाड्यांत ऑइल मोजायची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजतात. कमी ऑइलवर ओढलेली गाडी पिस्टन चिकटवते. गरम झाल्यावरच दम जातो आणि ऑइल पुरेसं आहे, तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) तंग असतील. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून खूश होणारे बरेच भेटतात. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्याचं ते लक्षण असू शकतं. हे सेटिंग गार इंजिनावरच होतं.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या आहेत, त्यांना चोकची चाचणी लागू नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची ‘झुंई’ ऐका. नसेल तर किल स्विच, फ्यूज, बॅटरी, याच क्रमाने. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा ते मोजून मेकॅनिकला सांगा. पेट्रोलची नळी रस्त्यावर उपटू नका, आत साधारण ३ बारचा दाब असतो. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवायची सवयही सोडा, पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो.

हे सगळं बघून झालं आणि किक एकदम पोकळ लागतेय, मागे निळा धूर आहे, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले. अशी गाडी ढकलत बसण्यापेक्षा रिकामा परतणारा एखादा टेम्पो थांबवा, गाडी आडवी न टाकता उभी बांधा आणि कार्बोरेटर असेल तर पेट्रोल कॉक बंद करायला विसरू नका.