खोडाची जाडी शिकायची तर आधी साल सोलताना बघा
वनस्पतिशास्त्र नव्याने घेतलेली मुलं दुय्यम वाढीची, म्हणजे खोड जाड होण्याची, आकृती घोकतात. मीही तशीच घोकली होती. कॅम्बियम, म्हणजे साल आणि लाकूड यांच्यामधला विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर, खऱ्या अर्थाने कळलं ते काटोलकडच्या एका संत्र्याच्या रोपवाटिकेत, जंबेरीच्या खुंटावर (मुळांसाठी वाढवलेल्या रोपावर) संत्र्याचा डोळा भरताना, म्हणजे कलम करताना, बघून. माळी सालीला छेद देतो आणि चाकूच्या टोकाने ती अलगद उचलतो. साल सुटत नसेल, तर ते रोप सोडून पुढच्याकडे वळतो. वाढीच्या दिवसांत कॅम्बियमच्या पेशी भराभर विभागत असतात, त्या आणि लगतच्या कोवळ्या पेशींच्या भिंती पातळ असतात, म्हणून साल नेमकी तिथूनच सुटते. खालचं ओलं, बुळबुळीत लाकूड बोटाने चाचपून बघा. नागपुरात शिकणाऱ्यांना ही सोय हाताशी आहे, ती सोडू नका.

मग आकृतीकडे वळा. कॅम्बियम आतल्या अंगाला लाकूड घालतं, बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या, म्हणजे पानांत तयार झालेलं अन्न वाहून नेणारा भाग. लाकूड कितीतरी जास्त. त्यामुळे सगळ्यात जुनं लाकूड गाभ्याजवळ, नवं सालीलगत. रसवाहिन्यांचं नेमकं उलट: जुन्या बाहेर ढकलल्या जातात, चेपतात, पुढे सालीबरोबर गळूनही जातात. परीक्षेत सगळी गल्लत इथेच होते. आणि आतलं लाकूड वाढत असताना कॅम्बियमचं कडं तुटत कसं नाही, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. त्याच्या पेशी परिघाच्या दिशेनेही विभागून वाढतात, म्हणून कडंही मोठं होत जातं.

प्रॅक्टिकलला सूर्यफुलाच्या शेंड्याचा आणि बुडाचा छेद शेजारी ठेवा. ब्लेडचं पातं ओलं हवं, आणि तिरपा गेलेला छेद सरळ टाकून द्यावा. सॅफ्रेनिन (लाकडाला लाल रंग देणारं द्रव्य) लावलं की शेंड्यात सुटे वाहिनीपुंज, म्हणजे लाकूड आणि रसवाहिन्यांचे जुडगे, दिसतात, जून बुडाशी लाल लाकडाचं सलग कडं.

एखादी दुपार लकडगंजासाठी, नागपूरच्या लाकूडबाजारासाठी, काढा. सागाच्या ओंडक्याचं कापलेलं तोंड भिंगातून बघितलं, की प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, पुढे छिद्रं बारीक होत जातात. कोरड्या दिवसांत साग पानं गाळतो, कॅम्बियम थंडावतं. पावसाळ्यात पुन्हा जोर धरतं. आंब्याच्या फळीत वलयं इतकी ठळक मिळत नाहीत, म्हणून सुरुवात सागापासूनच करा.

तिथेच बांबूही दिसेल. त्याला कॅम्बियम नसतं. कोंब जेवढा जाड निघतो, त्याहून तो पुढे जाड होत नाही. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.